म्हाताऱ्या मांजरीचे थायरॉईड, हृदय आणि मूत्रपिंड एकाच वेळी कसे सांभाळावे?

प्रश्न : ठमीची माय, धरमपेठ

सर्वांना नमस्कार. आमच्या घरी ठमी नावाची १४ वर्षांची मांजरी आहे. हिवाळ्यात गच्चीवर काढून ठेवलेल्या कूलरच्या कोरड्या टाकीत ती आम्हांला सापडली तेव्हा तिचे डोळे नुकते उघडले होते आणि तेव्हापासून ती एकही रात्र घराबाहेर राहिलेली नाही. गेल्या दिवाळीपासून तिचे खाणे जवळजवळ दुप्पट झाले, वजन मात्र उतरत गेले, ४.२ किलोची मांजरी फेब्रुवारीत ३.१ किलोवर आली. पहाटे तीनच्या सुमारास ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, कुणाला हाक मारावी तशी मोठ्याने ओरडत असे. बादलीतले पाणी पिऊ लागली होती, आणि अंग चाटणे सोडल्यामुळे पाठीवरच्या केसांच्या गुठळ्या झाल्या होत्या. ज्या दवाखान्यात आम्ही पहिल्यांदा गेलो तिथे मानेला हातही न लावता वय झाल्याचे सांगून जंताचे औषध आणि टॉनिक देण्यात आले. त्यात आमचे तीन महिने गेले, आणि त्याची खंत मला अजून वाटते.

दुसऱ्या डॉक्टरांनी तिची हनुवटी वर करून श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंनी बोटे फिरवली आणि तुरीच्या दाण्याएवढी गाठ माझ्याही बोटाला लावून दाखवली. रक्तातील टी-फोर, म्हणजे थायरॉईडचे संप्रेरक, वाढून ८.६ निघाले, नाडी मिनिटाला २४० होती आणि हृदयात मर्मर, म्हणजे ठोक्यांबरोबरचा जादा आवाज, ऐकू येत होता. थायरॉईड दाबणारी कार्बिमॅझोलची ५ मिलीग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ सुरू झाली. चार आठवड्यांनी टी-फोर २.३ वर आले, वजन ३.४ किलो झाले आणि रात्रीचे ओरडणे थांबले. आम्ही सुटकेचा नि:श्वास टाकला, तोच त्याच अहवालात मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन १.३ वरून २.१ वर गेल्याचे दिसले.

आता घरात दोन तट पडले आहेत. माझे दीर म्हणतात की गोळीने मूत्रपिंड खराब केले, ती ताबडतोब बंद करावी. ओळखीचे एक कंपाउंडर रोज घरी येऊन सलाईन लावायला तयार आहेत. डॉक्टर मात्र सलाईन नको, आधी रक्तदाब आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या, असे सांगतात. एवढ्या म्हाताऱ्या जिवाला इकोसाठी भूल द्यावी लागेल का, हृदय आणि मूत्रपिंड यांपैकी आधी कुणाकडे पाहावे, आणि मे महिन्याच्या उन्हात तिला इकडून तिकडे नेणे कितपत योग्य, हे मला समजत नाही. शिवाय मोठी मुलगी पुढच्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी येणार आहे आणि ठमीला गोळी देणे तिला उत्तम जमते, म्हणून ते काम तिच्याकडे द्यावे असे मनात आहे. ज्यांनी हे सगळे पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : बंड्याचे गुरुजी, महाल

ताई, गोळी बंद करू नका आणि रक्तदाब मोजणे एक दिवसही पुढे ढकलू नका. औषधांविषयी जाणकार मंडळी लिहितीलच. मी फक्त माझ्या घरी काय घडले ते सांगतो.

आमचा बंड्या १३ वर्षांचा बोका होता. त्याचे थायरॉईड औषधाने आटोक्यात आले, वजन भरले, आणि आता काळजीचे कारण नाही असे समजून मी पुढच्या तपासण्या लांबवल्या. एका संध्याकाळी देवघरात दिवा लावत असताना तो माझ्याकडे येऊ लागला आणि रोज ज्या पाटाला वळसा घालून येई त्या पाटावर सरळ जाऊन आदळला. मी त्याला उचलून दिव्यापाशी नेले. दिव्याची ज्योत हातभर अंतरावर असूनही त्याच्या बाहुल्या थाळीसारख्या पसरलेल्या होत्या आणि तसूभरही लहान होत नव्हत्या. रक्तदाब २१० च्या वर गेला होता आणि दोन्ही डोळ्यांची दृष्टिपटले सुटली होती. अम्लोडिपिनने रक्तदाब उतरला, एका डोळ्याला उजेड-अंधार कळू लागला, पण दृष्टी परत आली नाही. थायरॉईड ताब्यात आल्यानंतरही रक्तदाब वाढू शकतो, हे मला तोवर माहीत नव्हते. यंत्राचा पट्टा पायाला बांधून दहा मिनिटांत जे कळले असते ते न केल्याने बंड्याने पुढची तीन वर्षे अंधारात काढली.

त्यानंतर मी एक वही घातली आणि तुम्हीही आजच घाला. मांजर गाढ झोपलेले असताना, कुशीवर वळलेले असताना, त्याच्या बरगड्या वर जाऊन खाली आल्या की एक श्वास धरायचा आणि ३० सेकंद मोजून दुप्पट करायचे. घुरघुरत असताना, स्वप्नात पाय हलवत असताना किंवा नुकतेच खाऊन आले असताना मोजू नये. बंड्याचा आकडा २० ते २४ असे. शेवटच्या वर्षी तो दोन रात्री ओळीने ३४ आणि ३८ आला आणि केवळ त्या आकड्यावरून आम्ही सकाळी सात वाजता दवाखाना गाठला. छातीत पाणी भरू लागले होते, पण धाप लागण्याच्या आतच औषध सुरू झाले आणि त्याला आणखी सात महिने मिळाले. वजनासाठी लहान बाळांचा काटा घ्या. माणसाच्या काट्यावर मांजरीला कडेवर घेऊन उभे राहिल्यास १०० ग्रॅमचा फरक कळत नाही, आणि साडेतीन किलोच्या जिवात १०० ग्रॅम पुष्कळ असतात.

उत्तर : लहान प्राण्यांचा पशुवैद्यक, सदर

ठमीची तपासणी मी केलेली नसल्यामुळे औषधांच्या मात्रेबाबत आपल्या डॉक्टरांचाच शब्द अखेरचा मानावा. त्यांनी सांगितलेला क्रम मला योग्य वाटतो; तो का योग्य आहे, एवढे समजावण्याचा प्रयत्न करतो.

प्रथम क्रिएटिनिनविषयी. आपल्याकडे जुन्या इमारतींत पाण्याच्या पाइपमध्ये क्षार साचलेले असतात, तरीही मोटार जोरात चालू असेपर्यंत वरच्या मजल्यावर पाणी व्यवस्थित पोचते. मोटारीचा जोर नेहमीवर आला की मग पाइप अरुंद झाल्याचे लक्षात येते. थायरॉईडचे संप्रेरक वाढलेले असताना हृदय प्रत्येक मिनिटाला खूप जास्त रक्त ढकलते, मूत्रपिंडातून होणारे गाळणही त्यामुळे वाढते, आणि आधीपासून असलेला मूत्रपिंडाचा आजार रक्ताच्या अहवालात झाकला जातो. त्यात भर म्हणजे क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते आणि ठमीने स्नायू गमावले होते, म्हणून सुरुवातीचा १.३ हा आकडा दिसायला चांगला असला तरी फसवा होता. उपचारानंतर आलेला २.१ हा आकडा तिच्या मूत्रपिंडाची खरी अवस्था सांगतो. ती अवस्था सौम्य आहे, दुसऱ्या टप्प्यातील आहे, आणि अशी अनेक मांजरे योग्य देखरेखीखाली वर्षानुवर्षे चांगली राहतात. दीर महाशयांची काळजी मी समजू शकतो, पण गोळी बंद केल्यास आकडा पुन्हा खाली येईल आणि मूत्रपिंडाला मात्र त्याचा काहीही लाभ होणार नाही. उलट वाढलेला दाब आणि वाढलेले गाळण त्याची झीज चालूच ठेवतील. गोळीची मात्रा कमी करण्याचे एक खरे कारण असते, ते म्हणजे टी-फोर सामान्य मर्यादेच्याही खाली जाणे. तसे झाल्यास मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा गरजेपेक्षा घटतो. ठमीचे २.३ हे त्या दृष्टीने अगदी हवे तिथे आहे.

आता हृदय. या संप्रेरकामुळे ठोके वाढतात, प्रत्येक ठोक्याचा जोर वाढतो आणि महिनोन्महिने असे चालल्यावर डाव्या बाजूच्या खालच्या कप्प्याची भिंत जाड होते. समाधानाची गोष्ट अशी की केवळ थायरॉईडमुळे आलेली ही जाडी उपचारानंतर बऱ्याच मांजरांत पुष्कळशी उतरते. परंतु हृदयाचे स्नायू मूळचेच जाड होण्याचा आजार मांजरांत सर्वांत जास्त आढळणारा हृदयविकार आहे, तो थायरॉईडशिवायही होतो आणि नुसत्या मर्मरवरून या दोहोंत फरक करता येत नाही. म्हणून इको. त्यासाठी बहुतेक मांजरांना भूल लागत नाही. अंधारलेल्या शांत खोलीत, घरचे माणूस डोक्याशी असताना, कुशीवर धरून वीस मिनिटांत तपासणी होते. इकोमध्ये मी प्रामुख्याने दोन गोष्टी पाहतो. भिंतीची जाडी ६ मिलीमीटर किंवा अधिक असेल तर ती वाढलेली समजतो. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे डाव्या बाजूचा वरचा कप्पा फुगलेला आहे का. तो फुगलेला असेल तर तिथे रक्त रेंगाळते, गुठळी धरते आणि ती निसटून मागच्या पायांकडे जाणाऱ्या धमनीच्या फाट्यावर अडकू शकते. अशा वेळी मांजर अचानक किंचाळते, मागचे पाय ओढू लागते, पंजे गार पडतात आणि नखांखालचा गुलाबी रंग जातो. हे दिसल्यास सकाळची वाट पाहू नये. वरचा कप्पा फुगलेल्या मांजरांना गुठळी टाळण्यासाठी क्लोपिडोग्रेल दिले जाते. ७५ मिलीग्रॅमच्या गोळीचा चौथा भाग दिवसातून एकदा अशी त्याची नेहमीची मात्रा आहे, आणि ते अतिशय कडू असते.

इको होण्याआधी सलाईन नको, हे मी आग्रहाने सांगतो, कारण या प्रश्नातील खरा धोका मला तिथेच दिसतो. मूत्रपिंडाला पाणी हवे असते आणि आजारी हृदयाला जास्तीचे पाणी पेलत नाही. जाड झालेले हृदय नीट सैल पडत नाही, त्यात रोज शंभर-दीडशे मिलीलिटर खारे पाणी गेले तर ते फुप्फुसांत किंवा छातीच्या पोकळीत उतरू शकते. वर गुरुजींनी वर्णिलेली धाप अशाच रीतीने, एका चांगल्या हेतूच्या बाटलीमुळे, लागलेली मी एकापेक्षा अधिक वेळा पाहिली आहे. खाज सुटली म्हणून दिले जाणारे दीर्घकाळ टिकणारे स्टेरॉईडचे इंजेक्शनही हृदय कमकुवत असलेल्या मांजरात असाच घात करू शकते. त्यामुळे कोणत्याही नव्या दवाखान्यात गेल्यावर सर्वांत आधी मर्मरची माहिती द्यावी.

रक्तदाबासाठी दवाखान्यात पोचल्यावर ठमीला दहा मिनिटे टोपलीतच शांत बसू द्यावे, पहिले माप सोडून द्यावे आणि पुढच्या पाच-सहा मापांची सरासरी धरावी. १६० च्या खाली असेल तर उत्तम. १८० च्या वर असेल तर डोळे, मेंदू, हृदय आणि मूत्रपिंड या चारही ठिकाणी इजा होण्याची दाट शक्यता असते. मांजरांत यासाठी अम्लोडिपिन हे विश्वासाचे औषध आहे आणि २.५ मिलीग्रॅमच्या गोळीच्या चौथ्या भागापासून ते सुरू करतात. ठोके फारच जलद राहिले तर अटेनोलॉल दिले जाते, पण ते रक्तदाबासाठी पुरेसे नसते आणि एकदा सुरू केल्यावर एकदम बंद करायचे नसते.

मुलीविषयी आपण लिहिले ते फार बरे केले. गर्भवती किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रीने थायरॉईड दाबणारी ही गोळी हाताळू नये, तोडू तर मुळीच नये, आणि मांजरीच्या शी-शूच्या मातीचे भांडेही साफ करू नये. हे काम घरातील दुसऱ्या कुणी हातमोजे घालून करावे. तिने ठमीला मांडीवर घेण्यात काहीच गैर नाही.

कार्बिमॅझोलचे दुष्परिणाम बहुधा पहिल्या तीन महिन्यांतच दिसतात. उलट्या आणि भूक मंदावणे हे नेहमीचे. मात्रा घटवून ते बहुतेकदा सावरता येते. चेहरा आणि मान रक्त येईपर्यंत खाजवणे, हिरड्या किंवा डोळे पिवळे दिसणे, अंगावर रक्ताचे ठिपके येणे किंवा ताप येणे हे मात्र गंभीर असून त्या दिवशी पुढची गोळी न देता डॉक्टरांना फोन करावा. शस्त्रक्रियेने गाठ काढता येते, परंतु तिला चिकटून असलेल्या, कॅल्शियम सांभाळणाऱ्या छोट्या ग्रंथींना धक्का लागण्याची भीती असते आणि भूल हृदयाला सोसावी लागते. परदेशात किरणोत्सारी आयोडिनचे एकच इंजेक्शन बहुसंख्य मांजरांना कायमचे बरे करते. ठमीसाठी आज तरी गोळी हाच व्यवहार्य मार्ग आहे.

पहिल्या दवाखान्याबद्दलची आपली खंत रास्त आहे. मांजरांतील या आजाराचे वर्णनच १९७९ मध्ये अमेरिकेत प्रथम झाले आणि आपल्याकडे म्हातारी मांजरे घरोघरी जपली जाऊ लागली ती अलीकडे. म्हणूनच आठ-दहा वर्षांपुढील प्रत्येक मांजरीच्या मानेवर बोट फिरवण्याची सवय आम्हा सर्वांना लागायला हवी. आपल्या डॉक्टरांकडे इकोची सोय नसल्यास सेमिनरी हिल्सवरील नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या चिकित्सालयात चौकशी करावी.

ठमीची माय, धरमपेठ

गुरुजी, बंड्याबद्दल वाचून डोळे भरून आले. डॉक्टर, दिरांना आपले उत्तर वाचून दाखवले आणि मोटारीचा दाखला त्यांना लगेच पटला. कंपाउंडरांना नम्रपणे नाही सांगितले आहे. उद्याची इकोची वेळ मिळाली आहे.

एक गोष्ट राहिली. ठमी लहानपणापासून दूधभातावर वाढली. आठवड्यातून दोनदा उकडलेले चिकन, कधी अंडे, आणि यजमानांनी सावजीचे मटण आणले की रश्शात कालवलेला घास ती हट्टाने मागते. दुकानदाराने थायरॉईडसाठीच्या, आयोडिन कमी असलेल्या खास खाद्याविषयी सांगितले. मूत्रपिंडाचा आजार आहे म्हणून चिकन बंद करून दूधभातच द्यावा, असेही सुचवले जात आहे. काय करावे?

उत्तर : दोन मांजरींची आजी, प्रतापनगर

ठमीच्या माय, दूधभात हा माझ्याही घरातला जुना प्रेमाचा घास आहे, म्हणून त्याच्याविरुद्ध लिहिताना मला जड जाते. पण मांजरीला टॉरिन नावाचा घटक अन्नातूनच मिळावा लागतो आणि तो मांसात, विशेषतः हृदय आणि काळ्या मांसात असतो. भातात तो नसतो आणि दुधात नगण्य. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील संशोधकांनी दाखवून दिले की टॉरिनच्या कमतरतेने मांजरीचे हृदय पातळ पडून फुगते आणि टॉरिन दिल्यावर ते सावरते. त्यानंतर तयार खाद्यांत त्याचे प्रमाण वाढवण्यात आले. म्हणजे थायरॉईडने एका बाजूने हृदय थकवायचे आणि ताटलीने दुसऱ्या बाजूने, असे ठमीच्या बाबतीत होऊ देऊ नका. चिकन उकडल्यावर टॉरिन पाण्यात उतरते, म्हणून ते पाणी फेकून न देता त्याच घासावर ओतावे. पाण्यात मीठ, हळद, कांदा, लसूण काहीही नको.

सावजीचा घास मात्र कायमचा बंद करा, ती कितीही मागू दे. त्यातला कांदा आणि लसूण मांजरीच्या रक्तातील लाल पेशी फोडतात, आणि मीठ तर आहेच. सुकट-बोंबील घालणारी मंडळी आपल्याकडे आहेत. ते खारवलेले मासेही वाढलेल्या रक्तदाबाला घातक आहेत.

आयोडिन कमी असलेल्या खाद्याबद्दल माझ्या डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितले होते की ते दिले तर फक्त तेच द्यायचे. दुधाची एक वाटी, अंड्याचा एक तुकडा किंवा दुसऱ्या मांजरीच्या भांड्यातले चार दाणे खाल्ले तरी सगळा हिशेब बिघडतो. माझ्या घरी दोन मांजरी असल्याने ते शक्यच नव्हते. तुमची ठमी गोळीवर आहे आणि गोळी चांगली लागू पडली आहे, तेव्हा त्या खाद्याच्या मागे लागण्याचे मला कारण दिसत नाही. प्रथिने एकदम तोडू नका. तिला हरवलेले स्नायू परत मिळवायचे आहेत. डॉक्टर सांगतील तेव्हा स्फुरद (फॉस्फरस) कमी असलेले, मूत्रपिंडासाठीचे ओले खाद्य हळूहळू, दहा-पंधरा दिवस जुन्यात मिसळत सुरू करा. ओल्या खाद्यातून जे पाणी पोटात जाते ते सलाईनसारखे हृदयावर आदळत नाही. पसरट मातीच्या परळांत तीन-चार ठिकाणी पाणी ठेवा. माझी धाकटी स्टीलच्या खोल भांड्यातले पाणी पीत नसे. कुंडीखालच्या परळातले मात्र आवडीने पिई, म्हणून शेवटी नवा परळच तिच्यासाठी आणला.

गोळीसाठी माझी रीत अशी : उकडलेल्या चिकनच्या तीन लहान गोळ्या वळायच्या, पहिली रिकामी, दुसरीत औषध, तिसरी हातात दिसेल अशी धरायची. तिसरीच्या ओढीने दुसरी न चावता गिळली जाते. आणि कोणत्याही कारणाने तिने पूर्ण एक दिवस काहीच खाल्ले नाही, तर घरगुती उपाय न करता डॉक्टरांना कळवा. उपाशी मांजरीचे यकृत फार लवकर बिघडते.

उत्तर : रिक्षातून दवाखाना, मानेवाडा

उन्हाविषयी थोडेसे. थायरॉईड वाढलेल्या मांजरीला उष्णता आधीच सोसत नाही आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, म्हणून सकाळी आठच्या आतली वेळ मागून घ्यावी. टोपलीच्या तळाशी ओला करून घट्ट पिळलेला पंचा, त्यावर तिचे नेहमीचे अंथरूण, आणि वरून पातळ सुती कापड एवढे पुरे होते. बर्फ लावू नये. रिक्षात टोपली पायाशी न ठेवता मांडीवर ठेवावी, कारण खाली इंजिनाची धग लागते. कुत्रा तोंड उघडून धापा टाकतो ते स्वाभाविक असते. हृदयाचे दुखणे असलेली मांजरी तोंड उघडून श्वास घेऊ लागली तर ते ऊन लागल्याचे समजून घरी वारा घालत बसू नये, थेट दवाखान्यात न्यावे. वीज गेली की कूलर बंद पडतो, तेव्हा तिला न्हाणीघराची गार फरशी मोकळी ठेवा.

ठमीची माय, धरमपेठ

सोळा दिवसांनी लिहीत आहे, क्षमस्व. इको भूल न देता झाले. मी तिच्या डोक्याशी उभी होते आणि तिने पूर्ण वेळ माझ्या पदराचा काठ पंजात धरून ठेवला होता. भिंत ६.२ मिलीमीटर आहे, म्हणजे जाड. परंतु वरचा डावा कप्पा फुगलेला नाही, त्यामुळे क्लोपिडोग्रेलची गरज आज नाही. रक्तदाब पहिल्या दिवशी सरासरी १७४ आला आणि सहा दिवसांनी पुन्हा मोजला तेव्हा १७२, म्हणून अम्लोडिपिनचा चौथा भाग सुरू झाला. काल तो १४८ होता. डोळ्यांच्या तपासणीत दृष्टिपटले जागेवर आहेत. नाडी १९० आहे, म्हणून अटेनोलॉल दिलेले नाही. क्रिएटिनिन २.० वर स्थिर आहे. गोळी आता यजमान देतात, हातमोजे घालून, आणि मुलगी शेजारी बसून तिसरी चिकनची गोळी दाखवते.

वही केली आहे. पहिल्या पानावर वजन ३.५५ आणि काल रात्रीचे श्वास २२. आता पुढे कोणती तपासणी केव्हा करावी, एवढे सांगावे.

उत्तर : लहान प्राण्यांचा पशुवैद्यक, सदर

हे अहवाल वाचून मनापासून आनंद झाला. कार्बिमॅझोलच्या पहिल्या तीन महिन्यांत दर तीन-चार आठवड्यांनी टी-फोर, रक्तपेशींची मोजणी, यकृत आणि मूत्रपिंड हे सारे पाहावे. त्यानंतर सर्व स्थिर असल्यास दर तीन ते चार महिन्यांनी. मात्रा बदलली तर तीन आठवड्यांनी पुन्हा. मूत्रपिंडाच्या आजाराचे चित्र उपचार सुरू झाल्यानंतर सहा महिन्यांत स्पष्ट होते, त्यामुळे तोवर क्रिएटिनिनबरोबर लघवीची तपासणी आणि तीतील प्रथिनांचे प्रमाणही पाहावे. इको थायरॉईड सामान्य राहून सहा महिने झाल्यावर, म्हणजे साधारण दिवाळीच्या आसपास, पुन्हा करावा, भिंत ६.२ वरून उतरली तर ती थायरॉईडचीच जाडी होती असे म्हणता येईल, न उतरल्यास मूळच्या हृदयविकाराची देखरेख चालू ठेवावी लागेल. फटाके सुरू होण्याआधीची तारीख घ्या, कारण त्या आठवड्यात रक्तदाबाचे माप भरवशाचे येत नाही.

झोपेतील श्वास ३० च्या वर ओळीने दोनदा आले, तर तारखेची वाट न पाहता यावे. आणि प्रत्येक भेटीत आधी रक्तदाब मोजून घ्यावा, सुई त्यानंतर.